१९६८ची बीटल: हीटर लावला की वास येतो आणि डोकं जड होतं

बीटलवाला_चिंचवड

नमस्कार मंडळी. मी मूळचा चिंचवडचा, नोकरीमुळे तीन वर्षांपासून जर्मनीत ब्राउनश्वाइगला आहे. फोक्सवॅगनचं वोल्फ्सबुर्ग इथून अर्ध्या तासावर, त्यामुळे बीटलचं वेड लागायला वेळ लागला नाही. गेल्या ऑगस्टात १९६८ची बीटल घेतली. १५००चं इंजिन, फिकट निळा रंग, एच नंबरप्लेट (३० वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाड्यांना इथे मिळते ती). उन्हाळाभर गाडीने कसलाही त्रास दिला नाही.

आता थंडी पडलीय. सकाळी काचेवर आतूनसुद्धा बर्फ असतं. हँडब्रेकशेजारची दांडी वर ओढली की हीटर सुरू होतो, पण पायाशी नुसता कोमट वारा येतो. त्याच्याबरोबर वास येतो, कधी जळक्या तेलाचा, कधी सायलेन्सरमागे उभं राहिल्यासारखा. बायकोचं डोकं जड होतं. माझंही होतं, पण मी दिवसभर स्क्रीनसमोर असतो, त्यामुळे ते कशाने होतं ते सांगता येत नाही. आमची चार वर्षांची मुलगी मात्र गाडीवर खूश आहे. हीटर लावून पंधरा मिनिटं झाली की गाढ झोपते, घरी पोचल्यावर हलवली तरी लवकर उठत नाही. मग किरकिर करते आणि जेवत नाही.

मला विचारायचंय ते हे, की ऊब वाढवायला काय करता येईल? एकाने सांगितलं, दारांची रबरं बदल म्हणजे गार वारा आत येणं थांबेल. वासासाठी सध्या डॅशबोर्डवर कापराच्या वड्या ठेवल्यात. रविवारी हानोव्हरला संक्रांतीचा कार्यक्रम आहे. तिळगुळाचे डबे घेऊन आम्ही तिघं याच गाडीने जाणार आहोत, साठ-पासष्ट किलोमीटर. तोवर काही सोपा उपाय असेल तर सांगा.

---

हार्त्झकाठची

रविवारी त्या गाडीने जाऊ नका. हे एवढं आधी वाचा, बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

तुम्ही वासाचं विचारलंय, उबेचं विचारलंय. माझं लक्ष मात्र मुलीच्या झोपेवर अडकलं. तिघांना एकाच गाडीत, एकाच वेळी त्रास होतो. मोठ्यांची डोकी जड होतात, लहानगी उठवली तरी उठत नाही आणि नंतर तिला जेवण नको होतं. हा कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे इंजिनाच्या धुरातला विषारी वायू आहे असंच धरून चाला. मोजून तसं नाही असं दिसलं, तर तुमच्याइतकाच आनंद मला होईल.

इतक्या ठामपणे सांगतेय कारण माझ्या घरात हे घडलंय. आमच्याकडे १९७१ची १३०२ होती, तीही बीटलच. मुलगा तेव्हा सहा वर्षांचा. जानेवारीत हार्त्झच्या डोंगरात टोर्फहाउसला घसरगाडी खेळून परत निघालो. सगळ्यांचे मोजे ओले, काचा गच्च बंद, हीटर पूर्ण उघडा. बाड हार्त्झबुर्ग मागे पडलं तेव्हा माझ्या कपाळाभोवती कोणी पट्टा आवळतंय असं वाटायला लागलं. घाटातल्या वळणांनी झालं असेल म्हणून गप्प बसले. थोड्या वेळाने मळमळायला लागलं, तेव्हा नवऱ्याला म्हटलं, जरा बाजूला घ्या. उतरले, गार वारा लागला आणि दोन मिनिटांत बरं वाटलं. त्या बरं वाटण्यानेच मला घाबरवलं. पुढची सीट वाकवून मुलाला हलवलं तर त्याची मान लुळी पडत होती. गालांवर हात फिरवला, हाका मारल्या. डोळे उघडायचा आणि पुन्हा मिटायचा.

तिथूनच रुग्णवाहिका बोलावली. रुग्णालयात पोचल्यावर त्याच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला, आकडा आला ९८. मला वाटलं, सुटलो. पण तिथल्या डॉक्टरबाईंनी गाडी कोणती ते विचारलं आणि लगेच रक्त काढलं. मुलाच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइड धरून बसलेलं हिमोग्लोबिन २२ टक्के होतं, माझ्या रक्तात १७. बोटावरच्या साध्या ऑक्सिमीटरला ऑक्सिजन लागलेलं हिमोग्लोबिन आणि हे हिमोग्लोबिन यांतला फरक कळत नाही, दोन्ही त्याला लालच दिसतात. हे तेव्हा मला माहीत नव्हतं. म्हणून इथे लिहून ठेवतेय. घरचा ऑक्सिमीटर लावून ‘आकडा चांगला आहे’ म्हणून निश्चिंत होऊ नका. रात्रभर दोघांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. मुलगा बरा झाला, आता कॉलेजात शिकतो. पण ती मान माझ्या तळहातावर अजून आहे.

आता गाडीकडे वळते. बीटलच्या इंजिनात पाणी नाही, रेडिएटर नाही. इंजिनावरचा पंखा हवा ढकलतो. त्यातली थोडी हवा दोन जाड नळ्यांतून खाली दोन हीट एक्स्चेंजरांत जाते. हीट एक्स्चेंजर म्हणजे आत पुढच्या सिलिंडरचा एक्झॉस्ट पाइप, त्यावर ॲल्युमिनियमच्या पात्या आणि बाहेरून पत्र्याचं कवच. उजव्यात पहिल्या सिलिंडरचा धूर, डाव्यात तिसऱ्याचा. हवा पात्यांवरून तापते, झडपेतून पुढे येते आणि दारांखालच्या पोकळ पट्ट्यांतून तुमच्या पायाशी पोचते. म्हणजे तुमची मुलगी श्वासात घेते ती हवा आणि एक्झॉस्ट यांच्यामध्ये एका पाइपच्या जाडीचं लोखंड आहे, बस. त्यावर हिवाळ्यात रस्त्यावरचं मीठ उडतं आणि रोज ते तापून थंड होतं. १९६३च्या आधीच्या बीटलमध्ये तर सिलिंडर थंड करून आलेली हवाच सरळ आत यायची. तुमच्या गाडीची रचना त्यापेक्षा चांगली आहे, पण पाइप शाबूत असेल तोवरच.

कार्ब्युरेटरच्या जुन्या इंजिनाच्या धुरात २ ते ५ टक्के कार्बन मोनॉक्साइड असतो. २ टक्के म्हणजे दहा लाख भागांत वीस हजार भाग. केबिनमध्ये शंभर-दोनशे भाग झाले तरी डोकं धरतं. तेव्हा भोक मोठंच असायला हवं असं नाही.

आमच्या गाडीचं काय झालं होतं ते सांगते. आधीच्या शरद ऋतूत एका गॅरेजने ‘हीटरचं काम’ करून दिलं होतं, पावतीसुद्धा होती. अपघातानंतर नवऱ्याने डावा एक्स्चेंजर उतरवून अंगणात वर्तमानपत्रावर ठेवला. वरून चकचकीत चंदेरी. स्क्रूड्रायव्हरचं टोक सायलेन्सरकडच्या फ्लँजपाशी (जोडाच्या कडेपाशी) नुसतं टेकवलं, तर चंदेरी रंगाचा पापुद्रा निघाला आणि त्याखालचा राखाडी लेप बिस्किटासारखा पडला. खालच्या भोकात माझी करंगळी गेली. भोक बुजवून वर रंग मारला होता. म्हणून सांगते, बाहेरून चांगला दिसतो यावर जाऊ नका, नवा दिसत असला तरी उतरवून बघा.

तुमच्या गाडीत दोन वास आहेत, ते वेगळे धरा. जळक्या तेलाचा वास बहुधा टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या दोन्ही बाजूंच्या झाकणांच्या) पॅकिंगमधून येत असेल. तिथून तेल खालच्या गरम एक्स्चेंजरवर ठिबकतं. ते पॅकिंग स्वस्त असतं, तासाभराचं काम. सायलेन्सरचा वास मात्र चार ठिकाणांहून येऊ शकतो. एक्स्चेंजरचा आतला पाइप, सिलिंडरच्या हेडशी त्याचा जोड, सायलेन्सरशी त्याच्या जोडाची रिंग आणि क्लॅम्प, आणि चौथं, जे लोक विसरतात ते इंजिनाभोवतीचं रबर. इंजिनाचे पत्रे आणि बॉडी यांच्यामधली फट ते रबर बुजवतं. ते नसेल किंवा फाटलं असेल, तर खालचा धूर इंजिनाच्या खोलीत चढतो, पंखा तो ओढतो आणि त्याच जाड नळ्यांतून तुमच्याकडे पाठवतो. एक्स्चेंजर कोरा असला तरी.

कापूर आधी काढून टाका. कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नाही, पण त्याच्याबरोबर येणाऱ्या धुराला आहे. तेवढी एकच खूण तुमच्याकडे होती आणि ती तुम्ही झाकलीत. दारांची रबरंसुद्धा आत्ता बदलू नका, गाडी आणखी बंद होईल. आणि ‘मागची काच जरा उघडी ठेव’ असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. गाडीच्या पाठीमागे धूर घोटाळतो, तोच उघड्या काचेतून आत ओढला जाऊ शकतो. दांडी खाली करून हीटर बंद ठेवला तरी भागत नाही. पन्नास वर्षांच्या झडपा पूर्ण मिटत नाहीत.

मोजायचं यंत्र घ्या. घरात भिंतीला लावतात तो अलार्म नको. तो घराच्या हिशेबाने बनवलेला असतो. युरोपातल्या मानकाप्रमाणे दहा लाखांत ५० भाग असले तर तो ६० मिनिटांच्या आत वाजताच कामा नये. तोवर तुम्ही हानोव्हरला पोचलेले असाल. कामगार छातीला लावतात तो छोटा मीटर घ्या, एक-एक भाग आकड्यात दाखवणारा. आणि आकडे इथे टाका.

---

आप्पा_सातारा

ताईंनी लिहिलंय त्यातलं अक्षर न् अक्षर मनावर घे बाळा. मी ईएमईत (लष्कराच्या वाहनदुरुस्ती विभागात) चोवीस वर्षं काढली, त्यातले तीन हिवाळे लडाखात. आमच्या जोंग्यांना (लष्करी जीपना) पाण्यावरचा हीटर, तिथे धुराचा पाइप केबिनच्या हवेत नसतो. तरी एक ड्रायव्हर आमच्या हाताखाली गेलाच असता. रात्री इंजिन चालू ठेवून आत झोपला. वरून बर्फ पडत राहिलं, सायलेन्सरचं तोंड बुजलं आणि धूर गाडीखालून फरशीच्या भोकांतून वर आला. पहारेकऱ्याने काच ठोठावली, उत्तर नाही, म्हणून काच फोडली. वाचला तो. तेव्हापासून आमच्याकडे नियमच झाला, की उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवून झोपायचं नाही आणि थांबलास की आधी सायलेन्सरमागचं बर्फ काढायचं.

भोक शोधायची आमची रीत सांगतो. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना, गाडी उघड्यावर घे. एकाने इंजिन चालू करायचं, दुसऱ्याने जाड हातमोजे घालून सायलेन्सरच्या दोन्ही शेपट्यांवर ओल्या फडक्याचे बोळे पाच-सहा सेकंद दाबायचे, जास्त नाही. धूर अडला की जिथे फट आहे तिथून फुसफुस ऐकू येते. कुठल्या बाजूला येते तेवढं ध्यानात ठेव. पक्कं बघायचं तर एक्स्चेंजर उतरव, पाइपचं एक तोंड बंद कर, दुसऱ्या तोंडात व्हॅक्यूम क्लीनरची फुंकणारी बाजू लाव आणि साबणाचं पाणी सोड. बुडबुडा आला की भोक. सायकलची ट्यूब बघतो तसंच. पात्यांच्या आड दिसत नाही, तेव्हा पाणी आतपर्यंत जाऊ दे आणि घाई करू नकोस.

एक्स्चेंजर वेल्ड करून दे म्हणून कोणाला सांगू नकोस. पात्यांखालचा पाइप तसाच कुजलेला राहतो, आज इथे शिवला तर उद्या तिथे फुटतो. नवाच घाल.

---

डेट्रॉइटजवळून

माझ्याकडे शेव्हरोलेची १९६५ची कोर्व्हेअर आहे. तिचंही इंजिन मागे आणि हवेवर थंड होणारं. १९६१पासून या गाड्यांत सिलिंडरांवरून आलेली गरम हवाच केबिनमध्ये सोडतात, त्यामुळे गळणारा प्रत्येक थेंब नाकाला कळतो. मी पुशरॉडच्या (इंजिनाच्या झडपा उघडणाऱ्या दांड्यांच्या) बारा नळ्यांचे चोवीसच्या चोवीस ओ रिंग व्हायटनचे (उष्णता सोसणाऱ्या रबराचे) घातले, हेडची एक्झॉस्ट पॅकिंगं बदलली, तेव्हा वास गेला. मीटर डॅशवर कायमचा आहे.

बीटलवाल्यांनो, तुमच्याकडे पुढच्या डिकीत बसणारा पेट्रोलवर जळणारा हीटर मिळायचा ना, एबरश्पेखरचा? तो घातला तर एक्स्चेंजरची कटकटच नाही आणि ऊबही भरपूर. जुन्या बाजारात मिळतात म्हणे.

---

हार्त्झकाठची

ऊब भरपूर, हे खरं. पण त्यात एक्स्चेंजर नाही असं नाही हो. छोट्याशा भट्टीत पेट्रोल जळतं, आणि ती आग व तुमची हवा यांच्यात पुन्हा पत्राच असतो. जुन्या बाजारातला म्हणजे तो पत्राही पन्नास वर्षांचा. अशा हीटरांच्या पत्रकात एक्स्चेंजर १० वर्षांनी बदला असं लिहिलेलं असतं, आणि ते का लिहितात हे मला कळून चुकलंय. शिवाय बीटलची पेट्रोलची टाकी त्याच डिकीत आहे. पेट्रोलची एखादी जुनी नळी तडकली तर काय होईल त्याचा विचार करा. माहितगाराकडून पूर्ण दुरुस्त करून, कागदांसकट घेतला तर माझी हरकत नाही. बाजारातून उचलून रविवारच्या आत बसवायची ही वस्तू नव्हे.

आणि सिगारेट लायटरच्या भोकात लावायचे ते छोटे विजेचे हीटर कोणी सुचवायच्या आत सांगते. १५० वॅट म्हणजे साडेबारा अँपियर. १९६८च्या बीटलचा डायनॅमो सगळा मिळून ३० अँपियरचा. दिवे, वायपर आणि हा, तिन्ही एकदम लावले की वायरी तापतात. एवढं करून काचेवर तळहाताएवढा गोल साफ होतो.

---

नागपूरची_डॉक्टर

फक्त वैद्यकीय भाग. हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २००पटींहून जास्त घट्ट चिकटतो. लहान मुलांचा श्वास जलद असतो, त्यामुळे त्याच गाडीत त्यांना तो आधी आणि जास्त लागतो. साध्या हवेत रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला साधारण चार-पाच तास लागतात, मास्कने ऑक्सिजन दिला तर तास-दीड तास. म्हणजे परवाच्या फेरीचं रक्त आज तपासलं तर काहीच सापडणार नाही. त्यावरून ‘काही झालं नव्हतं’ असा अर्थ काढू नका. मुलीला बालरोगतज्ज्ञांकडे घेऊन जा आणि सगळं जसं इथे लिहिलंत तसंच सांगा. घरात कोणी गरोदर असेल तर तिने त्या गाडीत बसायचंच नाही. आणि पुन्हा कधी गाडीत कोणी सुस्त दिसलं तर आधी बाहेर मोकळ्या हवेत काढा, मग ११२ला फोन करा.

---

बीटलवाला_चिंचवड

ताई, आप्पा, डॉक्टर, तुमचे उपकार कसे मानू कळत नाही. मुलगी झोपते हे मी कौतुकाने लिहिलं होतं. ताईंचं उत्तर रात्री बायकोला वाचून दाखवलं, त्यानंतर आम्ही दोघंही बराच वेळ बोललो नाही.

मुलीला दाखवून आणलं, ती ठीक आहे. मीटर गुरुवारी आला. आकडे देतो, भाग दहा लाखांतले. इंजिन बंद, ०. इंजिन चालू, गाडी उभी, हीटर बंद, ७. हीटर बंद ठेवूनच सत्तरच्या वेगाने दहा मिनिटं, १९. मग दांडी वर ओढली. चार मिनिटांत ६०, सातव्या मिनिटाला ११८. तिथेच गाडी थांबवली, दोन्ही दारं उघडून रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. मी एकटाच होतो.

आप्पा, बोळे दाबले आणि डाव्या बाजूने फुसफुस आली. आज डावा एक्स्चेंजर उतरवला. साबणाच्या पाण्याचीसुद्धा गरज पडली नाही. सायलेन्सरकडच्या फ्लँजला लागून हरभऱ्याच्या डाळीएवढं भोक आहे आणि त्याभोवतीचा पत्रा नखाने सुटतोय. ताई, अगदी तुम्ही म्हणालात तिथेच. उजवा वरवर बरा वाटतो, पण तोही बदलणार. इंजिनाभोवतीचं रबर उजव्या कोपऱ्यात वीतभर नाहीच आणि आधीच्या मालकाने तिथे फोम कोंबलाय. टॅपेट कव्हरच्या दोन्ही पॅकिंगांतून तेल येतंय.

एक्स्चेंजर दोन प्रकारचे दिसतात. स्वस्तात पात्या अगदी मोजक्या आहेत, महागड्यात जुन्यासारख्या दाट. ऊब कमी का येत होती ते तेव्हा कळलं. माझ्या उजव्या एक्स्चेंजरच्या तोंडातून टॉर्चने बघितलं तर आत चार-पाचच पात्या दिसल्या. दाट पात्यांचे दोन्ही मागवलेत.

हानोव्हरला आगगाडीने जाऊन आलो. मुलगी जाता-येता पूर्ण जागी होती, पाइने आलं, लेर्टे आलं, असं प्रत्येक स्टेशनचं नाव मला विचारून विचारून पाठ केलं तिने. एक्स्चेंजर पुढच्या शुक्रवारी येतील. बसवले की आधी मी एकटा मीटर घेऊन अर्धा तास फिरवतो आणि आकडे टाकतो. ताई, तुम्ही ते बघून ‘ठीक’ म्हणेपर्यंत मागची सीट रिकामी राहील.

---

हार्त्झकाठची

शुक्रवारी वाट बघते. आणि फ्लँजच्या नट-बोल्टांना पहिल्या शंभर किलोमीटरनंतर पुन्हा पाना लावा, तापून सैल पडतात. त्यानंतर एकदा परत मोजा.